तापाचा भादवा

यंदाही भादव्यात पावसानं दडी मारली आणि माझ्या फोनवर तापाचे निरोप यायला लागले. या गावात चार जण, त्या तांड्यावर दोघं, अमक्या शाळेतली पोरं घरी पाठवली. मी आता जालन्यात आरोग्य खात्याच्या ऑफिसात बसते. टेबल आहे, पंखा आहे, समोर संगणक आहे. गावागावातून आलेली माहिती बघायची, रक्तनमुने कुठं कमी गेलेत, घरांचा सर्वे कुठं राहिलाय ते विचारायचं, असं माझं काम. पण पोळा होऊन जातो, महालक्ष्म्या जवळ येतात, ते चटके देणारं दमट ऊन खिडकीतून टेबलावर पडतं आणि माझी बोटं थांबतात. नाकात गेरूचा वास येतो. ऑफिसात गेरू कुठून येणार? तो वास बारा-तेरा वर्षांपूर्वीच्या एका भादव्यातला असतो.

तेव्हा मी नर्सिंगचा कोर्स करून नुकतीच नोकरीला लागले होते. परतूरची पोरगी. आमचं घर स्टेशनाच्या मागं, त्यामुळं लहानपणापासून घड्याळापेक्षा गाडीच्या शिट्टीवर जास्त भरवसा. पहिलं उपकेंद्र मिळालं ते कुंभार पिंपळगावच्या अलीकडं, डांबरी रस्ता सोडून आत. दोन खोल्या. पुढच्या खोलीत दवाखाना, मागच्या खोलीत मी. पहिली सकाळ उजाडली तेव्हा कुठूनच शिट्टी आली नाही आणि मला एकदम परकं वाटायला लागलं. दारात बसून राहिले. तेवढ्यात सायकल हातात धरून एक उंच, वाळकी मूर्ती फाटकातून आत आली. खांद्याला खाकी पिशवी, खिशात बॅटरी, एका हाताला गेरूचा डबा.

"नमस्कार मॅडम. मी साळवे. इथला आरोग्यसेवक. चहा पिऊन घ्या, उन्हाच्या आत निघू."

"कुठं?"

"घरं बघायला. ताप सुरू झालाय गावात."

साळवेकाकांकडं पाच गावं होती आणि नोकरी उरली होती एक वर्ष. बाईमाणसांचं, लेकराबाळांचं काम माझं. ताप, पाणी, डास यांचं काम त्यांचं. पण कागदावर वेगळी असलेली ही कामं गावात एकाच उंबऱ्यात भेटतात, त्यामुळं आम्ही दोघं बरोबरच फिरायचो. मला सायकल नव्हती, म्हणून तेही त्यांची सायकल ढकलत चालायचे. मी कितीदा म्हणाले, काका, तुम्ही बसून पुढं जा. ते म्हणायचे, "सायकलला पण पाय मोकळे करू द्या."

तो भादवा कोरडा होता. जूनमध्ये दोन सरी आल्या, पेरण्या झाल्या आणि मग आभाळानं पाठ फिरवली. रस्त्याच्या दोन्ही अंगाला कपाशी गुडघ्याएवढीच राहिली होती, तरी तिला फुलं यायची. सकाळी पिवळट, दुसऱ्या दिवशी गुलाबी. मुगाच्या शेंगा तोडणाऱ्या बाया बांधावर बसून आम्हाला मूठभर शेंगा द्यायच्या. वाळलेल्या शेंगेचा तो तडतड आवाज अजून माझ्या कानात आहे. गावाची विहीर आटली होती. आठ दिवसांनी टँकर यायचा. तो आला की घराघरातून घागरी, कळश्या, पिंपं, रंगाचे रिकामे डबे, लेकराच्या आंघोळीचं टोपलंसुद्धा बाहेर यायचं. आणि मग ते पाणी आठ दिवस जपायचं.

त्या जपलेल्या पाण्यात डास अंडी घालायचे. मला वाटायचं ताप पावसाबरोबर येतो. साळवेकाकांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं की आपल्याकडं तो दुष्काळाबरोबरही येतो. एका रांजणावर त्यांनी बॅटरीचा उजेड पाडला. पाण्यात बारीक दोरे उलटेपालटे होत होते.

"बघा. ह्यांना उजेड सहन व्हत न्हाई. कशे खाली पळून राह्यले."

ताप थांबवायचा तर आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून कोरडी करायची. त्याला कोरडा दिवस म्हणतात. उपकेंद्राच्या भिंतीवर तसा तक्ता होता, हसणाऱ्या बाईचं चित्र आणि शेजारी नळ. तक्ता ज्यानं छापला त्याच्या घरी नक्की नळ असणार. आमच्या गावात सगळेच दिवस कोरडे होते.

"आठ दिवसांनी टँकर येतो," एक बाई कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आन तुमी म्हन्ता पाणी सांडा. डोकं हाय का जाग्यावर?"

काकांनी पिशवी खाली ठेवली, बाह्या वर केल्या.

"सांडू नका माय. एक थेंब सांडू नका. धोतराचा तुकडा द्या अन् रिकामी घागर द्या."

त्यांनी ते पाणी फडक्यातून गाळून घागरीत घेतलं. रांजणाच्या तळाशी आणि कडेला काथ्यानं घासलं, कारण अंडी तिथं चिकटलेली असतात. रांजण उन्हात पालथा घातला. वाळल्यावर तेच पाणी परत आत. ह्याला पाऊण तास गेला. मग गेरूत काडी बुडवून दाराशेजारी तारीख लिहिली आणि पुढच्या घरी. असं ते प्रत्येक गल्लीत एका घरी करून दाखवायचे, बाकीच्या बाया कुडावरून बघायच्या. पुढच्या आठवड्यात गेलं तर सात-आठ रांजण उन्हात पालथे दिसायचे. काकांची चाल जराशी जल्दी व्हायची.

दुपारी लिंबाखाली डबा. त्यांच्या डब्यात ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर लसणाचं तेल. मी कच्ची स्वयंपाकीण, माझ्या डब्यात रोज पोहे. तिसऱ्या दिवशी त्यांनी न विचारता अर्धी भाकरी माझ्या झाकणात ठेवली. त्या भाजीची आंबट चव मला नंतर कुठंच मिळाली नाही. मी स्वतः करून बघितली, बाजारातून चांगली जुडी आणून. नाही जमत.

एकदा जेवताना ते सहज बोलून गेले, "माझ्या आज्याला गावच्या विहिरीवर पाय ठेवता येत नव्हता. कुणी वरून वतलं तर पाणी. अन् माझी नोकरी बघा, रोज लोकायच्या रांजणात डोकवायची." ते हसले. मीही हसले. काका बौद्ध घरातले, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि दिसणं यात अंतर असतं, ते मला तेव्हा कळत नव्हतं.

गावात काही घरं अशी होती की त्यांच्या फाटकाशी आलं की काका थांबायचे. "मॅडम, इथला हौद तुमी बघा. मी लिहून घेतो." मला वाटायचं, वय झालंय, दमले असतील. कौसाबाईंचं घर त्यातलंच. गावातलं मोठं शेतकरी घर, पुढं ओसरी, अंगणात सिमेंटचा हौद. त्यांचा बोअर थोडं पाणी द्यायचा, ते हौदात साठायचं आणि निम्मी गल्ली तिथून न्यायची. कौसाबाई साठीच्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात तुळशीची माळ. माझं आडनाव ऐकल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी मला ओसरीवर बसवलं होतं. सून मनीषा सातव्या महिन्यात होती. तिची तपासणी मी करायची, म्हणून त्या घरी माझं जाणं जास्त.

एका सकाळी त्या हौदाजवळ माझ्या हातातून बॅटरी पडली आणि गडगडत गेली. काका फाटकातून आत आले, ती उचलायला वाकले. हौदाचा कठडा त्यांच्यापासून हातभर.

"तुमी ऱ्हाऊ द्या," कौसाबाई म्हणाल्या. "शिस्टर बघतील."

आवाज मुळीच चढा नव्हता. शेजाऱ्याला म्हणावं तसा, सवयीचा. काकांनी बॅटरी माझ्याकडं दिली आणि परत फाटकाबाहेर जाऊन वही उघडली. मी हौदात बघितलं. अळ्यांनी पाणी भरलेलं होतं. मी तेवढंच सांगितलं. बाकी काहीच बोलले नाही. आज इतक्या वर्षांनी त्या न बोललेल्या शब्दांची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

हौद रिकामा करणं शक्य नव्हतं. त्यावर एकच उपाय, गप्पी मासे. बोटाच्या पेरापेक्षा लहान, अळ्या खाऊन जगणारे. काकांनी उपकेंद्राच्या मागच्या टाकीत ते वाढवले होते, बरणीत घालून आणायचे. मी कौसाबाईंना सांगितलं तर त्यांनी कानावर हात ठेवले.

"मासे? माझ्या हौदात? अगं माळ हाय माझ्या गळ्यात. हेच पाणी देवाला जातं. बिलकुल न्हाई."

परत येताना मी काकांना विचारलं, "तुम्हाला राग नाही येत?"

त्यांनी सायकल एका खड्ड्याच्या कडेनं काढली. "येतो की. पण राग खांद्यावर घेऊन निघलं तर दिवसाची घरं पुरी व्हत न्हाईत, मॅडम."

महालक्ष्म्या बसायच्या चार दिवस आधी मनीषाला ताप भरला. पहिल्या दिवशी कुणी मला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं शेजारच्या पोरीबरोबर निरोप पाठवला. मी गेले तर ती भिंतीकडं तोंड करून पडलेली. डोळ्यांच्या मागं दुखतंय म्हणाली. अंगावर लाल ठिपके. चूळ भरली तर हिरड्यांतून रक्त. पुस्तकात वाचलेलं सगळं एका बाईच्या अंगावर, आणि तिच्या पोटात लेकरू.

कौसाबाई म्हणाल्या, "बाजारात डॉक्टर हाय, एक सलाईन लावलं की उतरतो. गाडी सांगितली हाय."

"आई, तिला जालन्याला न्यावं लागेल. रक्तातल्या पेशी कमी होत असतील. सलाईननं भागणार नाही."

"महालक्ष्म्या तोंडावर, अन् घरची सून जालन्याला?"

मी पोरसवदा. माझं कोण ऐकणार? तेवढ्यात फाटकाबाहेरून काकांचा आवाज आला. एवढा मोठा आवाज त्यांचा मी कधी ऐकला नव्हता.

"कौसाआई, मी एकशेआठला फोन केलाय. गाडी निघाली. तुमी फक्त तिची कापडं भरा. मागल्या साली मी असंच एका घरी, सांजेपर्यंत बघू म्हणलं होतं. त्या घरी आजबी जायला मला पाय उचलत न्हाई."

कौसाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. मग आत गेल्या आणि पिशवी भरायला लागल्या.

गाडी नाल्याच्या पलीकडं थांबली, गल्लीत येईना. मनीषाला चालवायचं नव्हतं. बाप्पे, गडीमाणसं सगळी, रानात, मनीषाचा नवरा मूग विकायला मोंढ्यात गेल्ता. घरात एक सासरा, एक शेजारचे म्हातारे, आणि मी. खाटेला चार पाय. मी फाटकाकडं बघितलं. काकांनी सायकल भिंतीला लावली, आत आले, ओसरी चढले आणि खाटेचा डोक्याकडचा पाय उचलला. भर उन्हात त्या गल्लीतून आम्ही चौघं चाललो होतो. मनीषानं एकदा डोळे उघडले, काकांना म्हणाली, "मामा, हळू." काका म्हणाले, "हळूच चाललो, माय. डोळे झाक."

मी तिच्याबरोबर गाडीत बसले. रस्ताभर तिचा हात माझ्या हातात होता आणि मी मनातल्या मनात तिच्या नाडीचे ठोके मोजत होते. जालन्याला दाखल केलं आणि बाहेर बाकावर बसले. रात्री तिचा नवरा पोचला.

दुसऱ्या दिवशी परत आले तर उपकेंद्राच्या पायरीवर कौसाबाई बसलेल्या. रात्रभर झोपल्या नसाव्यात. मी सांगितलं, तब्येत स्थिर आहे, बाळाचे ठोके चांगले आहेत. त्यांनी ते ऐकलं, मान हलवली आणि विचारलं, "साळवे कुठयंत?"

काका मागं टाकीपाशी होते. कौसाबाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"ते मासे," त्या म्हणाल्या, "आणा म्हणलं."

आम्ही गेलो. हौदाच्या कठड्याशी काका थांबले. "आई, बरणी पाण्यात धरावी लागंल थोडा येळ. मासे एकदम सोडले तर मरत्यात. हात घालावा लागंल."

कौसाबाईंनी हौदाकडं बघितलं. "घाला," म्हणाल्या.

काकांनी बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. बरणी तिथंच धरून उभे राहिले. कावळा ओरडला तेवढाच आवाज. मग बरणीच्या तोंडातून एक मासा बाहेर आला, थबकला, मागून दुसरे. सासरेबुवा वाकून बघायला लागले, लेकरासारखे.

नंतर चहा आला. मला कपबशी, काकांना स्टीलचा ग्लास. प्यायल्यावर काकांनी ग्लास विसळला आणि दगडावर पालथा घातला. मी हातातल्या कपाकडं बघत बसले. रस्त्याला लागल्यावर मी काही बोलणार, तर तेच म्हणाले, "चहा बराबर झाल्ता. आलं घातलं होतं."

मनीषा नवव्या दिवशी घरी आली. पांढरीफटक, पण चालत. पेशी वाढल्या होत्या. कौसाबाईंच्या हौदात मासे आहेत म्हटल्यावर बाकीच्या घरांचा प्रश्नच उरला नाही. लोक बरण्या घेऊन दवाखान्यात यायला लागले. दसऱ्यापर्यंत ताप उतरला. गावातल्या त्या मोजक्या घरांच्या फाटकाशी काका कधी थांबायचे, कधी सरळ आत जायचे. एकदम सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. एका घरानं तर शेवटपर्यंत त्यांना आत घेतलं नाही. पण कौसाबाई एके दिवशी लांबूनच ओरडल्या, "साळवे, या बरं जरा, पिल्लं झालीत का बघा तुमच्या माशांना." तिथं पुन्हा चहा झाला. गप्पा झाल्या. खोलीवर आल्यावर माझ्या लक्षात आलं की त्या दिवशी कप कोणते होते ते मी बघितलंच नाही. मार्गशीर्षात मनीषाला मुलगी झाली, उपकेंद्रातच, माझ्या हातानं. माझं ते पहिलं एकटीनं केलेलं बाळंतपण.

पुढच्या उन्हाळ्यात काका निवृत्त झाले. त्यांची जागा काही वर्षं रिकामी राहिली. मीही बदलून गेले, मग बढती, मग हे टेबल. आता सर्वे फोनवर होतो. भांड्याचा फोटो काढायचा, ठिकाणासकट पाठवायचा. सोयीचं आहे, खोटं बोलायला जागा कमी. मी त्याला नावं ठेवत नाही. पण फोटो बघताना मी पाण्यापेक्षा कडेचं बघते. कुणाच्या अंगणातला लिंब, कुणाची पालथी घागर, फोटोच्या कोपऱ्यात आलेला एखाद्या बाईचा पाय. त्या पायाच्या मालकिणीला कुणी गाळायला फडकं मागितलं असेल का? कुणी तिच्यासमोर पाऊण तास उकिडवं बसलं असेल का? ते फोनवर भरायला रकाना नाही.

साळवेकाका कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. निवृत्त असूनही गावात लोकांना लस घ्या म्हणत फिरत होते, असं कळलं. मी तेव्हा दिवसभर लसीकरणावर. फोनवर निरोप वाचला, फोन पालथा ठेवला आणि पुढच्या माणसाचा दंड पुसला. त्या दिवसांत कुणाला कुणाकडं जाता येत नव्हतं, आणि पुढं जाता येत होतं तेव्हा मी गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. काय तोंडानं जायचं, असंही वाटायचं.

गेल्या रविवारी गेले. तापाचे निरोप येत होते, मन लागत नव्हतं. साळवेमावशी, काकांच्या पत्नी, मुलाकडं न जाता गावातच राहतात. एकट्या. मी पूर्वी त्यांना दोनदाच भेटले होते, तरी त्यांनी ओळखलं. भिंतीवर काकांचा फोटो. मी हात जोडले, तिथंच खाली बसले आणि इतक्या वर्षांचं रडू एकदम आलं. मावशींनी मला रडू दिलं. मग पाणी दिलं.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "एक इचारू का तुमाला? ते बाहेर बोलायचे का वो? घरी तर मुकेच असायचे. येयाचे, हातपाय धुयाचे, जेवायचे, झोपायचे. चाळीस वर्षं मी त्यायला इचारलं, आज काय काय झालं? म्हणायचे, काय न्हाई, घरं बघितली."

"खूप बोलायचे, मावशी," मी म्हणाले.

"काय बोलायचे?"

मी पहिल्या सकाळच्या गेरूच्या डब्यापासून सुरू केलं. सांत्वनाला म्हणून मी गेले होते आणि मीच बोलत सुटले. मावशी मधेच हसायच्या, मधेच डोळे पुसायच्या. "असं म्हणले ते?" "खाट उचलली? त्यांची तर कंबर दुखायची." "ह्यातलं कधी एक शब्द सांगितला न्हाई मला." ऊन अंगणातून सरकत भिंतीवर गेलं. माझी शेवटची जीप सुटायची वेळ झाली. मी घड्याळ बघितलं तसं त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी विझल्यासारखं झालं. मी घड्याळाचा हात पदराखाली घेतला.

मावशी माझ्याजवळ सरकून बसल्या.

"मंग?" त्या म्हणाल्या. "तिथून पुढं कुठं गेल्ते तुमी दोघं?"